कुंडी, वृंदावन आणि पाण्याचा हिशेब
नांदेड-लातूर परिसरातील घरगुती कुंडीबागेचा ऐतिहासिक विचार

१

दख्खनच्या उद्यानांविषयी जे लेखन झाले आहे त्यात राजघराण्यांच्या बागांना अग्रस्थान मिळाले, हे स्वाभाविक आहे. बीबीच्या मकबऱ्यासमोरील चारबागेची आखणी, औरंगाबादच्या पाणचक्कीला पाणी आणणारी नहर, किल्ल्यांतील हौद आणि कारंजी यांचे अवशेष आजही उभे आहेत, आणि त्यांच्यामागे लेखी कागदांचाही आधार आहे. याच्या उलट, सामान्य गृहस्थाच्या अंगणातील तुळस, न्हाणीमागचे अळू किंवा माळवदावर ठेवलेला मोगरा यांची दखल इतिहासाने घेतली नाही. याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. ज्या जमिनीवर सारा बसला तिची नोंद झाली. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी जमीनमोजणी झाली, तिने जिरायत आणि बागायत असा भेद केला, विहिरी मोजल्या, मोटेचे भिजवण टिपले. कुंडीवर मात्र सारा नव्हता. म्हणून तिचा कागदही नाही.

या अभावाचा एक परिणाम असा झाला की, कुंडीबाग ही केवळ शहरी हौस आहे, इंग्रजी अंमलात छावण्यांच्या आणि बंगल्यांच्या व्हरांड्यांतून ती खाली झिरपली, असा समज सुशिक्षित वर्गात रूढ झाला. या समजात काही अंश सत्याचा आहे. व्हरांड्यात रांगेने मांडलेल्या शोभेच्या झाडांची पद्धत त्या मार्गाने आली, यात शंका नाही. परंतु मर्यादित मातीत, मोजक्या पाण्यावर, घराच्या आत किंवा घराला लागून झाड जगविण्याची विद्या या भागात त्यापूर्वीपासून होती. तिचे अवशेष कागदांत नव्हे, तर वस्तूंत, शब्दांत आणि आचारांत शोधावे लागतात. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या परिसरापुरते ते शोधून पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते : येथील कुंडीबागेचे मूळ सूत्र शोभा हे नसून पाण्याचा हिशेब हे आहे.

२

प्रथम शब्दाचाच विचार करणे योग्य होईल. मराठीत झाड लावण्याच्या पात्राला ‘कुंडी’ म्हणतात. संस्कृतातील कुण्ड, कुण्डी, कुण्डिका या शब्दांचा अर्थ पाण्याचे पात्र असा आहे. म्हणजे ज्या भांड्यात पाणी ठेवावयाचे त्याचेच नाव पुढे माती आणि झाड धारण करणाऱ्या भांड्याला मिळाले. नांदेडच्या उर्दूभाषक वस्तीत याच वस्तूला ‘गमला’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘गामेला’ या शब्दावरून आल्याचे मानले जाते, आणि त्याच मुळापासून गवंड्याचे ‘घमेले’ही मराठीत आले. त्याचाही मूळ अर्थ द्रोणीसारखे पसरट भांडे असा आहे. दोन्ही शब्दांत झाड नाही. आहे ते धारण करणारे पात्र.

यानंतर भूमीचा विचार. हा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. नांदेड गोदावरीच्या काठी वसलेले, तर लातूर बालाघाटाच्या पठारावर. लातूरला वर्षाकाठी सरासरी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो; नांदेडला त्याहून काहीसा अधिक. हा पाऊस जवळजवळ सर्व चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने कोरडे जातात. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो.

येथील काळी माती शेतात गुणाची, पण कुंडीत अवगुणाची ठरते. तिच्यातील सूक्ष्म चिकण कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आकसतात. शेतात यामुळे भेगा पडतात, आणि त्या भेगांचा उपयोगही होतो. कुंडीत मात्र मातीचा गोळा आकसून भांड्याच्या कडेपासून सुटतो. वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ तळाच्या भोकावाटे निघून जाते, आणि मुळांभोवतीची माती कोरडीच राहते. पाणी तर दिले, पण झाड तहानलेले, अशी ही स्थिती असते. उलट पावसाळ्यात तीच माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. म्हणून निव्वळ काळ्या मातीत लावलेली कुंडी येथे दोन्ही ऋतूंत फसते. नदीकाठचा पोयटा, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत तिच्यात मिसळण्याची जी घरगुती रीत आहे, तिचे मर्म हेच. वाळूने निचरा होतो, शेणखताने ओल टिकते, आणि मातीचा आकसण्याचा स्वभाव सौम्य होतो.

३

घरगुती कुंडीचे या भागातील सर्वांत स्थिर रूप म्हणजे तुळशीवृंदावन. त्याचा विचार बहुधा धर्माच्या अंगाने होतो. तो योग्यच आहे. परंतु वृंदावन ही एक बांधलेली कुंडी आहे, या दृष्टीनेही त्याकडे पाहता येते. वाड्याच्या चौकात चुन्यात बांधलेले वृंदावन पाहिले असता त्याची रचना विचारपूर्वक केलेली दिसते. ते कमरेइतके किंवा त्याहून उंच असते. त्यामुळे शेळ्या, कोंबड्या आणि वावरणाऱ्यांचे पाय यांपासून झाड सुरक्षित राहते. अनेक वृंदावने आतून पोकळ असून त्यांतील मातीचा स्तंभ खालच्या जमिनीपर्यंत पोचतो. आधुनिक मृदाशास्त्र सांगते की उथळ पात्रात, तळाला भोक असले तरी, मातीच्या खालच्या थरात पाणी अडून राहते. पात्र जितके उंच, तितका वरच्या मुळांना निचरा चांगला मिळतो. तळाशी खापऱ्यांचा जाड थर घातल्याने निचरा वाढतो ही सर्वत्र आढळणारी समजूत या कसोटीस उतरत नाही. भोकातून माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती एक खापरी पुरेशी असते. वृंदावन बांधणाऱ्या गवंड्याने हा सिद्धान्त मांडला नव्हता, पण त्याच्या बांधकामाने तो पाळला.

तुळशीची निगा आचारातून ठरली आहे. स्नानानंतर घरातील स्त्री तिला पाणी घालते. ते पाणी हंड्याने नव्हे, तांब्याने घातले जाते. एका तांब्यात साधारणपणे लिटरभर पाणी मावते. पुढे दाखविल्याप्रमाणे, हातभर रुंद नसलेल्या कुंडीची उन्हाळ्यातील रोजची गरज जवळजवळ एवढीच आहे. तुळस ही फार दीर्घायुषी वनस्पती नव्हे. मंजिऱ्या वेळोवेळी खुडल्या नाहीत तर ती बी धरते, काष्ठमय होते आणि झडते. पूजेसाठी मंजिऱ्या खुडण्याने तिचे आयुष्य वाढते, तर एकादशी-द्वादशीला ती न तोडण्याच्या नियमाने तिला विसावा मिळतो. हे नियम बागकामासाठी केले गेले असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु त्यांचा परिणाम बागकामाचा आहे, हे नाकारता येत नाही.

वारकरी परंपरेत या कुंडीला पाय फुटले. आषाढीला पंढरपुरास जाणाऱ्या दिंडीत स्त्रिया डोक्यावर छोटे तुळशीवृंदावन घेऊन चालतात. मराठवाड्यातूनही दिंड्या जातात. मूठभर मातीत झाड जिवंत ठेवून मैलोगणती वाटचाल करावयाची, हे कुंडीविद्येचे टोकाचे रूप म्हणावे लागेल. येथे माती अगदी थोडी, ऊन-वारा भरपूर, आणि पाणी वाटेत मिळेल तेवढे. झाड जगते ते वरचेवर दिलेल्या थोड्या पाण्यावर. एकदाच दिलेल्या पुष्कळ पाण्यावर नव्हे.

या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला शोभणारे नाही. चौकात वृंदावन आणि त्याच्या जवळ आड, ही रचना ज्याला आड खणता आला त्या घराची होती. गावाच्या बारवेवर ज्यांना पाय ठेवण्याची मुभा नव्हती, ज्यांना दुसऱ्याने ओतलेल्या पाण्याची वाट पाहत ताटकळावे लागे, त्यांच्या दारातील झाडाचा प्रश्नच वेगळा होता. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो सत्याग्रह केला, त्याने पाण्याच्या हक्काचा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढे उभा केला. कुंडीतील झाड हे घरातील पाणी पिऊन उरल्याची खूण आहे. ज्या घरात पिण्याचेच पाणी पुरेसे येत नाही, त्या घरी कुंडी नसणे हा रसिकतेचा अभाव नव्हे.

४

वृंदावन हे कायमचे पात्र, तर नवरात्रातील घट हे नऊ दिवसांचे. नांदेड जिल्ह्यातील माहूरची रेणुका आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूरची भवानी या दोन देवस्थानांच्या प्रभावक्षेत्रात घटस्थापनेचा आचार घरोघरी रुजलेला आहे. पत्रावळीवर किंवा टोपलीत शेतातील माती पसरावयाची, तीत गहू, ज्वारी, हरभरा इत्यादी धान्ये पेरावयाची, मध्ये मातीचा घट ठेवून त्यात पाणी भरावयाचे आणि रोज एक माळ सोडावयाची, असा हा विधी आहे. दसऱ्यापर्यंत अंकुर वीतभर वाढतात आणि ते टोपीत किंवा पागोट्यात खोवण्याची पद्धत आहे.

या विधीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, धान्याला वरून फारसे पाणी घातले जात नाही. घट कच्च्या रंध्रांचा असतो. त्याच्या भिंतीतून पाणी पाझरते आणि भोवतालची माती ओली राहते. पाझरण्याचा वेग मातीच्या तहानेवर अवलंबून असतो : माती कोरडी झाली की अधिक पाणी ओढले जाते, ओली झाली की कमी. पाणी देणारे आणि पाणी घेणारे यांच्यात आपोआप समतोल साधणारी ही व्यवस्था आहे. जमिनीत मडके पुरून त्याभोवती वेल लावण्याच्या मटका सिंचनाचे तत्त्व हेच होय. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील फान शेंग-चिह याच्या कृषिग्रंथात अशा पुरलेल्या घड्यांच्या साह्याने वेल वाढविण्याची रीत वर्णिली आहे. दोन्ही देशांत परस्परसंबंध होता असे सुचवावयाचे नाही. कोरड्या प्रदेशातील माणसाच्या हाती सच्छिद्र मडके असले की तो स्वतंत्रपणेही या युक्तीपर्यंत पोचू शकतो, एवढेच यावरून दिसते.

मडक्याच्या या सच्छिद्रतेचे श्रेय कुंभाराकडे जाते. तळ्यातील गाळाच्या मातीत तो राख आणि घोड्याची लीद मळतो. भट्टीत लिदीतील तंतू जळून जातात आणि त्यांच्या जागी सूक्ष्म रंध्रे राहतात. माठातील पाणी थंड होते ते या रंध्रांमुळे, आणि घट पाझरतो तोही त्यांच्यामुळे. लातूरच्या शेजारी असलेले तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे सातवाहनकालीन मृत्पात्रांसाठी आणि मातीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. परंपरा गोरा कुंभारालाही याच गावचा मानते. या भागातील कुंभारविद्येची परंपरा किती जुनी आहे, हे सांगण्यास एवढा उल्लेख पुरे.

घटाशी तुलना करण्याजोगा एक आचार प्राचीन ग्रीसमध्ये आढळतो. अथेन्समधील स्त्रिया अडोनिसच्या उत्सवात फुटक्या मडक्यांत सालाद, बडीशेप, गहू, सातू यांचे बी पेरून ती मडकी घराच्या छपरावर ठेवीत. रोपे झटपट उगवत आणि उन्हाने तितक्याच झटपट कोमेजत. ग्रीकांच्या भाषेत ‘अडोनिसची बाग’ हा शब्द अल्पजीवी, मूळ न धरणाऱ्या गोष्टींसाठी रूढ झाला. मराठवाड्यातील घटाला तसा अर्थ चिकटला नाही. नवरात्र येते ते रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर. घरातील बी उगवते की नाही हे त्या नऊ दिवसांत शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे येते. घटस्थापनेचा उगम बीजपरीक्षेत आहे असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण बी, माती आणि पाणी यांच्या मेळाची ती वार्षिक उजळणी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

५

वृंदावन आणि घट यांना धर्माचे पाठबळ होते. तिसऱ्या प्रकाराला तेही नव्हते. न्हाणीतून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यावर अळू, केळ, कर्दळ लावण्याची पद्धत मराठी घरांत सर्वत्र होती. जे पाणी एरवी गटारात जावयाचे, ते या झाडांनी पिऊन टाकावे, हा त्यातील हेतू. परसातील जागा कमी झाली तेव्हा हीच दृष्टी भांड्यांत उतरली. तळ गेलेला रांजण, कान तुटलेली घागर, गळका माठ यांत पुदिना, ओवा, कोरफड, गवती चहा लावले गेले. पिण्याचे पाणी धरण्यास जे पात्र निकामी झाले, ते माती धरण्यास कामी आले. किंबहुना गळके असणे हाच त्याचा नवा गुण ठरला.

स्त्रीकडे घरची बाग सोपविण्याची कल्पना भारतीय वाङ्मयात जुनी आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात गृहिणीच्या कर्तव्यांत स्वच्छ जागी भाजीपाला, जिरे, मोहरी, बडीशेप यांची लावणी सांगितली आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. आणि ज्या कल्याणीच्या चालुक्यांचा अंमल या प्रदेशावर होता, त्यांच्यापैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या उपवनांचा विचार आला आहे. ग्रंथांनी उपवनाचा विचार केला तो राजासाठी; फुटक्या घागरीतील पुदिन्याचा विचार स्वयंपाकघराने केला.

विसाव्या शतकात पात्रांचे साहित्य पालटले. घासलेटचा सुमारे १८ लिटरचा पत्र्याचा चौकोनी डबा आणि १९३७ साली बाजारात आलेल्या डालडा वनस्पती तुपाचा डबा, हे दोन्ही रिकामे झाल्यावर तळाला खिळ्याने भोके पाडून कुंडी बनले. मातीच्या कुंडीच्या तुलनेत पत्र्याचा डबा उन्हात तापतो आणि गंजतो, पण त्याच्या भिंतीतून पाणी उडून जात नाही. नंतर सिमेंटच्या कुंड्या आल्या आणि शतकाच्या अखेरीस प्लास्टिकच्या. या बदलाकडे केवळ अभिरुचीचा बदल म्हणून पाहणे अपुरे होईल. मातीची कुंडी मुळांना थंड ठेवते, परंतु त्यासाठी पाणी खर्च करते. प्लास्टिकची कुंडी पाणी वाचविते, परंतु मुळांना उष्णता आणि कुजण्याचा धोका देते. म्हणून पूर्वीच्या तांब्याचा नियम प्लास्टिकच्या कुंडीला जसाच्या तसा लावता येत नाही. तिला पाणी कमी, सावली अधिक, आणि पाणी घालण्यापूर्वी बोटाने माती चाचपून पाहण्याची सवय आवश्यक असते. साहित्य बदलले की हिशेब नव्याने मांडावा लागतो; पुष्कळ घरांत तो मांडला गेला नाही.

याच काळात नळ आले. नळाच्या पाण्याने स्त्रियांचे कष्ट वाचले, ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि, आडातून शेंदून आणलेल्या पाण्याला जो हिशेब होता तो तोटी उघडताच मिळणाऱ्या पाण्याला राहिला नाही. कुंडीबाग पाण्याच्या काटकसरीतून सुटली आणि हौसेच्या सदरात गेली.

६

परस गेले, चौक गेला, आणि कुंडी गच्चीवर चढली. येथे या प्रदेशाच्या स्मृतीतील एका मोठ्या आघाताचा संबंध येतो. मराठवाड्याचे जुने घर माळवदाचे : दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात हे घर थंड राही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जो भूकंप झाला, त्यात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता मध्यम असूनही हानी एवढी मोठी झाली, याचे एक प्रमुख कारण कच्च्या बांधणीच्या भिंती आणि त्यांवरील मातीचे ओझे हे होते. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावे त्यानंतर नव्या जागी वसविण्यात आली. डोक्यावरची माती काय करू शकते, हे या भूमीइतके दुसऱ्या कोणत्याही भूमीने क्वचितच अनुभवले असेल.

म्हणून गच्चीवरील बागेचा विचार येथे वजनापासून सुरू व्हावयास हवा. ओल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण १६०० ते २००० किलो भरते. म्हणजे ३० सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास ओझे घालतो. वावर असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानकात चलभार चौरस मीटरला सुमारे १५० किलो धरला जातो. यावरून सबंध गच्चीवर माती पसरणे किती धोक्याचे आहे हे उघड होते. कुंड्या भिंतींच्या आणि तुळयांच्या वर, कडेने, विरळ ठेवणे आणि भरण हलके करणे, हा त्यावरील मार्ग.

हलक्या भरणाचा प्रश्न महाराष्ट्रात दुसऱ्या दिशेने सोडविला गेला. गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी आपल्या ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे असे प्रतिपादिले की, पालापाचोळा आणि घरातील सेंद्रिय कचरा यांपासून सुपीक माती घरी तयार करता येते, झाडासाठी जमीन विकत घ्यावी लागत नाही. त्याच विचारधारेतून मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचे चिपाड आणि कचरा भरलेल्या पिशव्या व पिंपे यांत गच्चीवर भाजी व फळे पिकविली. पुढे मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवरही स्वयंपाकघरातील कचऱ्यातून बाग उभी राहिली. लातूर भागात साखर कारखान्यांमुळे चिपाड मुबलक आहे. अशा भरणाचे वजन मातीच्या मानाने पुष्कळ कमी असते, आणि पृष्ठभागावर चिपाडाचे किंवा पाचोळ्याचे आच्छादन ठेवले तर ओल टिकते. ज्या उसाच्या पाण्याविषयी या भागात तीव्र वाद आहे, त्याच उसाचा चोथा कुंडीतील पाणी वाचविण्यास उपयोगी पडावा, हा योग विचार करावयास लावणारा आहे.

७

२०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन अवर्षणाची वर्षे गेली आणि लातूर शहराला पाणी पुरविणारे मांजरा धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या ठिकाणी गर्दी आणि तंटे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदीचे कलम १४४ लागू करण्यात आले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते; नंतर पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. पाण्यासाठी रेल्वे धावावी लागलेल्या शहरात कुंडीला पाणी घालणे हे नैतिक आहे काय, असा प्रश्न त्या उन्हाळ्याने उभा केला.

प्रश्नाचे उत्तर भावनेने देण्यापेक्षा अंकांनी देणे बरे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. मे महिन्यात या भागात उघड्या पाण्याचे बाष्पीभवन दिवसाला १० मिलिमीटरच्या घरात जाते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीचे तोंड सुमारे ०.०७ चौरस मीटर. म्हणजे रोज ०.७ लिटर. मातीच्या भिंतीतून उडणारे पाणी धरता ही गरज लिटरभर होते. वीस कुंड्यांना रोज २० लिटर. आठ कोरड्या महिन्यांना, सर्व दिवस मे महिन्यासारखेच कडक मानले तरी, ४,८०० लिटर पुरतात. आता ५० चौरस मीटरच्या लहानशा छतावर ८०० मिलिमीटर पाऊस पडला तर वर्षाला ४०,००० लिटर पाणी पडते. म्हणजे ज्या छताखाली ते कुटुंब राहते, त्याच छतावरील पावसाचा आठवा हिस्साही बागेला लागत नाही. अवर्षणाच्या वर्षी पाऊस निम्मा झाला तरी चौथा हिस्सा पुरतो. उणीव आहे ती पावसाची नव्हे, तर साठवणीची.

साठवण नसेल तेथे दुसरा मार्ग जुनाच आहे. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी स्वयंपाकघरात रोज निघते. ते झाडांना निर्धोक असते. साबणाचे आणि धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र वेगळे ठेवावे लागते, कारण त्यातील क्षार कुंडीच्या थोड्या मातीत साचतात. शेतात पावसाने ते धुऊन जातात, कुंडीत जात नाहीत. अशा पाण्याला केळ आणि कर्दळ यांच्यासारखी जमिनीत लावलेली दणकट झाडेच योग्य. पाणी सकाळी लवकर, खोडाशी, थोडे थोडे द्यावे; दुपारच्या उन्हापासून हिरव्या जाळीचा किंवा जुन्या लुगड्याचा आडोसा करावा; एप्रिलनंतर नवी लावणी करू नये; आणि टंचाईच्या वर्षी वीस कुंड्यांऐवजी पाचच राखाव्यात. कोणत्या पाच, याचा निर्णय जुन्या घराने कधीच दिला होता : तुळस, कोरफड, कढीपत्ता, गवती चहा आणि घरातील एखादे फुलझाड. यांपैकी बहुतेक झाडे औषधाला किंवा स्वयंपाकाला लागणारी आहेत आणि थोड्या पाण्यावर तग धरणारी आहेत.

यावरून असे दिसते की, कुंडी आणि टंचाई यांच्यात जो विरोध वाटतो तो नळाच्या पाण्यावर पोसलेल्या बागेपुरता खरा आहे. पिण्यासाठी आलेले पाणी पाइप लावून कुंड्यांवर सोडणे हे टंचाईत समर्थनीय नाहीच. परंतु एकदा वापरलेल्या पाण्यावर जगणारी कुंडी पाण्याची वाटेकरी नसून पाण्याच्या दुसऱ्या फेऱ्याची धनीण असते.

८

आतापर्यंतच्या विवेचनातून काही गोष्टी हाती लागतात. नांदेड-लातूर परिसरातील घरगुती कुंडीबाग हे आयात केलेल्या हौसेचे अपत्य नव्हे. तिची तीन जुनी रूपे दिसतात : आचाराने पाणी मोजून देणारे वृंदावन, स्वतःच्या भिंतीतून पाणी पाझरविणारा घट, आणि सांडपाण्यावर जगणारी परसातील झाडे. तिन्हींचे नियम वेगवेगळे, पण तिन्हींचा विषय एकच, आणि तो पाणी हा आहे. नळ, प्लास्टिक आणि गच्ची यांनी या नियमांची सांगड मोडली. १९९३ ने मातीच्या वजनाची आणि २०१६ ने पाण्याच्या मोलाची आठवण करून दिली.

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने यात एक पद्धतीविषयक सूचनाही आहे. सारा न भरणाऱ्या गोष्टींचा इतिहास महसुली दफ्तरांत सापडत नाही. तो गवंड्याच्या बांधकामात, कुंभाराच्या मळणीत, सणाच्या विधीत आणि स्त्रियांच्या रोजच्या हालचालींत शोधावा लागतो. वाडे झपाट्याने पडत आहेत, आड बुजविले जात आहेत. त्यांच्याबरोबर वृंदावनांची मापे, त्यांतील मातीची मिश्रणे आणि घराघरांतील पाणी देण्याचे संकेतही नाहीसे होत आहेत. नांदेड, कंधार, देगलूर, लातूर, उदगीर, निलंगा यांसारख्या जुन्या वस्तीच्या गावांत ही मापे घेण्याचे आणि वयोवृद्ध गृहिणींकडून हे संकेत टिपून घेण्याचे काम विद्यार्थ्यांना एका-दोन सुट्यांत करता येण्याजोगे आहे. तांब्याभर पाण्याचा हा हिशेब लिहून ठेवला गेला, तर पुढील अवर्षणात तो केवळ अभ्यासकांच्याच उपयोगी पडेल असे नाही.